नव्या तलंगा आणि जुनं खुराडं

पत्र : माझ्याकडे सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. गणपतीनंतर दारावर आलेल्या गाडीवाल्याकडून अडीच महिन्यांच्या आठ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) घेतल्या. गिरिराज जातीच्या आहेत म्हणाला. त्याच दुपारी त्या जुन्यांत सोडल्या. आज चार दिवस झाले, सारखी टोचाटोची चालू आहे. एकीच्या डोक्याला जखम झाली आहे, दोघी दिवसभर लाकडांच्या ढिगामागे बसून असतात. चंद्री नावाची आमची थोरली कोंबडी तर त्यांना पाण्यालासुद्धा येऊ देत नाही. सासूबाई म्हणतात, रात्री अंधारात आत ठेव, सकाळी कुणाला काही कळणार नाही. शेजारच्या काकी म्हणतात, सगळ्यांच्या चोची छाट. घरचे म्हणतात, म्हाताऱ्या कोंबड्या विकून मोकळी हो. खुराडं चार फूट बाय तीन फूट आहे. सगळ्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य आणि कणी घालते. मी काय करू? नव्या अंड्यावर कधी येतील? आणि आठातल्या एकीचा तुरा फार लाल दिसायला लागलाय, तो कोंबडा तर नव्हे?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर :

ताई, आठही तलंगा आजच वेगळ्या करा, बाकीचं त्यानंतर वाचलंत तरी चालेल. रविवारी बघू म्हणाल तर तोवर जखम वाढेल. कोंबडीला रक्ताचा लाल रंग दिसला की ती तिथंच टोचते, तिचं बघून दुसरी टोचते, आणि मग ज्या तलंगांनी कधी कुणाला चोच लावली नाही त्याही आपल्याच बहिणीला टोचू लागतात. मांगराचा कोपरा, पडवीचं एक टोक, लाकडं ठेवायची खोपी, जे कोरडं असेल आणि खुराड्यापासून लांब असेल ते घ्या.

जखम कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसा, कोरडी होऊ द्या आणि खोबरेल तेलात कालवलेली हळद लावा. दवाखान्यात मिळणारं जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट, असेल तर तेही चांगलं, कारण त्यानं लाल रंग झाकला जातो आणि टोचायचं निमित्तच जातं. रॉकेल लावू नका. पाऊस अजून गेलेला नाही, उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला फार वेळ लागत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला सारून बघत जा. जखमी तलंगेला एकटीला कोंडू नका. तिच्याबरोबर एखादी गरीब तलंग ठेवा, आणि दोघी बाकीच्यांना दिसतील अशा ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

आता पत्रात नसलेल्या गोष्टीकडे येते. सासूबाई, काकी, घरचे आणि तुम्ही, चौघंही भांडणावर बोलताय. भांडण दिसतं म्हणून त्याची काळजी वाटते. गाडीवाल्याच्या जाळीतून त्या तलंगांबरोबर आणखी काय उतरलं असेल, त्याबद्दल कुणीच बोलत नाही, आणि मला भीती त्याचीच जास्त वाटते. फिरत्या गाडीवर ठिकठिकाणचे पक्षी एकत्र असतात. एका बाजारात न खपलेले पुढच्या बाजारात जातात. त्या गर्दीत एखादा आजारी निघाला तर तो रोग तुमच्या परड्यात आणि तिथून वाडीत यायला एक संध्याकाळ पुरते. टोचाटोचीनं एखादी कोंबडी मरते. मानमोडीनं खुराडं रिकामं होतं.

मानमोडी, म्हणजे कागदोपत्री रानीखेत, हिला औषध नाही, लस आहे. साधारण वेळापत्रक असं : पहिल्या आठवड्यात लासोटा नावाची लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, चौथ्या आठवड्याच्या आसपास तीच पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही दुसरी लस टोचून. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आर-टू-बी देत नाहीत, ती त्यांना झेपत नाही. कोंबड्यांना येणाऱ्या देवीची लस वेगळी. तुम्ही गाडीवाल्याला विचारलंत तर तो म्हणेल, ‘सगळ्या लशी झाल्यात, वैनी.’ कुठल्या, कधी, हे त्याच्याकडे लिहिलेलं नसेल तर झालेल्या नाहीत असं धरून चालायचं. तुमच्या जुन्या सातांचंही काय झालंय ते पत्रात नाही.

तेव्हा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि दोन्ही कळपांबद्दल विचारा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. लशीची एक कुपी पुष्कळ पक्ष्यांना पुरेल एवढी असते, आणि एकदा कालवली की बर्फावर ठेवून तासा-दोन तासांत संपवावी लागते. पंधरा कोंबड्यांसाठी कुपी फोडायला कुणीही कां-कू करणारच. वाडीतल्या घरांना एकच सकाळ ठरवून सांगा, सगळ्यांच्या कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवायला लावा, म्हणजे दवाखान्यातला माणूसही येईल. जंताचं औषध लशीच्या आठवडाभर आधी देऊन ठेवलं तर बरं. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची. पिसं फुगवून बसलेली असेल तिला त्या दिवशी वगळायचं.

हे सगळं नव्यांकडूनच येतं असं मात्र समजू नका. जुनी, ठणठणीत दिसणारी कोंबडी स्वतः पचवलेला रोग तलंगेला देऊ शकते. रक्ती हगवण हे त्याचं उत्तम उदाहरण. तिचे सूक्ष्मजीव मोठ्या कोंबड्यांच्या विष्ठेतून पडत राहतात, त्यांना स्वतःला काही होत नाही, आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते लागण करण्याजोगे होतात. भाद्रपदातल्या कोकणात ओल आणि ऊब दोन्ही फुकट. म्हणून नव्या जागेत खाली भाताचं तूस चांगलं चार बोटं जाड पसरा, रोज हातानं खालीवर करा, पाण्याच्या भांड्याभोवतीचं भिजलेलं तूस त्याच दिवशी काढून टाका आणि त्या जागी थोडा चुना भुरभुरा. विष्ठेत रक्त दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. त्यावर पाण्यातून द्यायची औषधं आहेत आणि वेळेत दिली तर पक्षी वाचतात. तसंच सर्दी-घरघर होऊन बरी झालेली कोंबडी पुढेही जंतू बाळगून असते. तुमच्या जुन्यांत गेल्या वर्षी घरघर होती का, ते आठवून बघा.

तुम्ही म्हणाल, चार दिवस तर एकत्र होत्या, आता वेगळं करून काय मिळणार? पुष्कळ मिळेल. रोग आला असेल तर तो कुठल्या बाजूला आहे ते कळेल, लशीला वेळ मिळेल, आणि तलंगा अंगानं भरतील. निदान तीन आठवडे, जमलं तर महिना, त्यांचं बिऱ्हाड पूर्ण वेगळं. भांडी वेगळी. सकाळी आधी जुन्यांचं करायचं, मग नव्यांचं, उलट नाही. तिकडे जायला एक जुनी चपलेची जोडी वेगळी ठेवा आणि परत आलात की साबणानं हात धुवा. बघत काय राहायचं? हिरवट पातळ विष्ठा, डोळ्यांत फेस, चोच उघडून श्वास, लुळा पाय, वाकडी मान. यातलं काही दिसलं, किंवा एखादी अचानक मेली, तर मेलेली व्हाळात टाकू नका. खोल खड्डा करून वर चुना टाकून पुरा आणि दवाखान्याला कळवा. आणि अशा वेळी उरलेल्या बाजारात नेऊन विकायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी. तुमच्या अंगणात आलेली गाडी बहुधा अशाच कुणाच्या तरी उरलेल्यांनी भरलेली असते.

महिनाभरात काही झालं नाही तर मग भांडणाचा विचार करू.

कोंबड्यांत कुणी कुणाला टोचायचं हे ठरलेलं असतं. चंद्री सगळ्यांना टोचते, तिला कुणी नाही. दुसरी चंद्री सोडून सगळ्यांना. असं करत शेवटची, जी सगळ्यांकडून टोचून घेते आणि टोचायला तिला कुणीच उरत नाही. नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डरुप-एब्बे यानं पोरवयापासून कोंबड्या न्याहाळून १९२१ साली ही उतरंड शास्त्राच्या भाषेत मांडली. तुमच्या सासूबाईंना ती न मांडताही ठाऊक असेल. उतरंड एकदा बसली की रोजचं भांडण मिटतं. मोठीनं नुसती मान वर केली तरी धाकटी बाजूला होते. तुम्ही एका दुपारी आठ अनोळखी तोंडं त्यात सोडलीत, म्हणजे सगळा हिशेब नव्यानं मांडायला लावलात. कोंबडी दुसरीला ओळखते ती मुख्यतः डोकं आणि तुरा बघून. आपल्यातलीच एखादी दोन-तीन आठवडे नजरेआड राहिली तर परत आल्यावर तिलाही परकी समजून टोचतात. जखमीला बाकीच्यांच्या नजरेसमोर ठेवा म्हटलं ते यासाठी.

चंद्रीवर फार राग धरू नका. जरा वेळ काढून पडवीत बसून बघा, पुष्कळदा सर्वांत खुनशी असते ती थोरली नसून खालून दुसरी-तिसरी. नवी आली तर पहिला धक्का तिच्याच जागेला बसणार असतो. चंद्री पाण्यावर उभी राहते, पाठलाग करत लाकडांपर्यंत जाणारी कदाचित वेगळीच निघेल. ती कोण हे ठाऊक करून घ्या, पुढे उपयोगी पडेल.

गणपतीत कोकणात येणाऱ्या गाडीचा जनरल डबा आठवा. दिवा स्टेशनला आत बसलेले पनवेलच्या माणसांना दार उघडत नाहीत, आणि तेच सगळे रोह्यापर्यंत एकमेकांच्या डब्यातली चटणी खात असतात. कोंबड्यांचंही तसंच. फरक एवढाच की डबा लहान असेल तर रोह्यापर्यंत कुणी पोचत नाही. तुमचा डबा लहान आहे. चार बाय तीन म्हणजे बारा चौरस फूट. मोठ्या कोंबडीला रात्री बंदिस्त जागेत दोन चौरस फूट तरी लागतात, म्हणजे सातांनाच ते अपुरं होतं. पंधरांना तीस लागतील. हे केल्याशिवाय बाकीचे उपाय करू नका, पैसे आणि कोंबड्या दोन्ही वाया जातील. महिना हाताशी आहेच, तेवढ्यात शेजारी त्याच्या दीडपट आणखी एक खण वाढवा. दोन्ही खणांना बाहेरून वेगळी दारं आणि मधे एक फळीचं झडप असेल असं बघा.

आत बसायला दांडे घालताना सगळे एकाच उंचीवर घाला. एक उंच, एक ठेंगणा असला की रोज संध्याकाळी उंच दांड्यावरून मारामारी. कोंबडीमागे आठ इंच धरले तर पंधरांना दहा फूट दांडा होतो, तो दोन-तीन तुकड्यांत घाला. मनगटाएवढा जाड, साल काढलेला, गाठी तासलेला. अंडी घालायच्या टोपल्या चार तरी हव्यात, आणि त्या दांड्यांपेक्षा खाली.

आता जाळीचं काम, ज्यावर सगळं अवलंबून आहे. महिना झाला की नव्यांना जुन्यांच्या शेजारी आणायचं, पण मधे आडोसा ठेवायचा. दिसलं पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे, चोच पोचता कामा नये. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी उत्तम. पैसे घालवायचे नसतील तर चिव्याच्या कामट्या बोटभर अंतरानं बांधून तट्ट्या करा. मासेमारीची जुनी जाळी बाजूला लावू नका. ती वरून घार येऊ नये म्हणून ठीक, पण उभी बांधली की तलंगांचे पाय आणि मुंड्या अडकतात, आणि अडकलेली तलंग फडफडली की पलीकडच्या चोची वाटच बघत असतात. दिवसा मुंगूस, रात्री रानमांजर आणि उदमांजर, हे लक्षात घेऊन खालची कड मातीत वीतभर पुरा.

जाळीच्या दोन्ही अंगांना, एकमेकींच्या समोर, खाद्याची भांडी ठेवा. समोरासमोर खाणं होऊ लागलं की निम्मं काम झालं. पहिले दोन दिवस जुन्या मान ताणून, गळ्याची पिसं फुलवून जाळीवर उड्या मारतील. मग कंटाळतील. तो कंटाळा आपल्याला हवा आहे. चंद्री जाळीला पाठ करून धुळीत लोळत असेल आणि पलीकडे तलंगा निवांत टिपत असतील, असं सलग काही दिवस दिसू लागलं की पुढे जायला हरकत नाही. साधारण दोन आठवडे धरा. मनानं ठरवलेल्या तारखेला दार उघडू नका, कोंबड्या बघून उघडा.

उघडण्याआधी आणखी एक युक्ती आहे. दोन-तीन दुपारी जुन्यांना कोंडा आणि नव्यांना तासभर परड्यात मोकळं सोडा. कुठे झुडूप आहे, कुठल्या फळीखालून पलीकडे जाता येतं, पाणी कुठे आहे, हे त्यांना आधी कळू द्या. अनोळखी अंगणात पळणारी तलंग हमखास कोपऱ्यात शिरते, आणि कोपऱ्यातच मार खाते. एक-दोन जुने पत्रे किंवा फळ्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवा, दोन्ही टोकांनी उघड्या. एकाच तोंडाचा आडोसा म्हणजे सापळा.

मग एका दिवशी, चारच्या पुढे, जुन्यांचं पोट भरलेलं असताना सगळ्यांना एकत्र सोडा. मूठभर दाणे सबंध परड्यात उधळा, एका जागी नको. मुळ्याची किंवा माठाची जुडी चोचीच्या उंचीवर टांगा, तिला टोचताना दुसऱ्या कुणाला टोचायची आठवण राहत नाही. खाण्याची तीन आणि पाण्याची तीन भांडी अशी ठेवा की एकाजवळ उभं राहून दुसरी दिसणार नाहीत. चंद्री एका वेळी एकाच पाण्यावर पहारा देऊ शकते. सूर्य मावळायला आला की जुन्या आपल्या सवयीनं खुराड्याकडे वळतात आणि दिवस आपोआप संपतो. पहिले काही दिवस तासभरच, मग वाढवत न्या. रात्री अजून वेगळ्या खणात, मधलं झडप बंद.

टोचणारच नाहीत असं नाही. डोक्यावर एक टपली, चार पावलं पाठलाग, छातीला छाती भिडवून एक उडी, हे होऊ द्या, मधे पडू नका. तुम्ही सोडवायला गेलात की निकाल लागत नाही आणि तेच भांडण उद्या पुन्हा होतं. रक्त निघालं, दोघी-तिघींनी मिळून एकीला कोपऱ्यात दाबलं, किंवा एखादी दिवसभर खाण्याकडे फिरकलीच नाही, तर मात्र हात घालायचा. शेवटची गोष्ट डोळ्यांना कळत नाही, ती हाताला कळते. अंधार पडल्यावर तलंगा दांड्यावर बसल्या की एकेकीच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला, बोटं लावून बघा. तिथं दाणे साठायची पिशवी असते. पोटभर खाल्लेलीची लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, टणक लागते. ओघळलेली, रिकामी लागली तर तिला दिवसभर कुणी खाऊ दिलेलं नाही, दिसायला कितीही निवांत दिसो. तिला वेगळ्या खणात खायला द्या आणि दुसऱ्या दिवशी एक भांडं वाढवा.

आणि कुणी एकच कोंबडी राक्षसासारखी मागे लागत असेल तर मार खाणारीला उचलू नका, मारणारीला उचला. तीन-चार दिवस तिला डालग्याखाली वेगळं, नजरेआड ठेवा. परत येते तेव्हा तिचा आधीचा तोरा राहिलेला नसतो, आणि तेवढ्यात तलंगांचे पाय परड्यात रोवलेले असतात.

सासूबाईंचं म्हणणं टाकाऊ नाही. कोंबडीला अंधारात दिसत नाही, रात्री ती भांडत नाही, हे खरंच. पण सकाळी कळत नाही हे खरं नाही. पहाट फुटते, आत उजेड शिरतो, तुम्ही दार उघडायला अजून अर्धा तास असतो, आणि बारा चौरस फुटांत पळायला जागा नसते. बहुतेक डोकी याच अर्ध्या तासात फुटतात. दिवसा एकत्र फिरून महिना-पंधरा दिवस झाले की सासूबाईंची रीत वापरा. अंधार पडल्यावर तलंगा उचलून जुन्यांच्या दांड्यावर ठेवा, मधलं झडप उघडं ठेवा आणि सकाळी तांबडं फुटायच्या आत दार उघडा. तोपर्यंत त्या कदाचित आपणहूनच आत शिरलेल्या असतील. दोन टोळ्या पुढेही बरेच दिवस दोन दांड्यांवर बसतील. बसू द्या.

काकींचं मात्र ऐकू नका. चोची छाटणं ही पिंजऱ्यातल्या, आयतं खाद्य मिळणाऱ्या कोंबड्यांची गोष्ट. तुमच्या कोंबड्या किडे, गवताचं बी, वाळवी टिपून निम्मं पोट भरतात. छाटलेल्या चोचीनं ते जमत नाही, आणि कात्रीनं घरी छाटताना जिवंत भाग कापला जाऊन रक्त येतं ते वेगळं.

जुन्या विकायचा विचारही सोडा, निदान चंद्रीपुरता. तुमच्या नव्या तलंगा खरोखर गिरिराज असतील (गाडीवाले कुठल्याही रंगीत पक्ष्याला गिरिराज म्हणतात) तर ती बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात. अंगानं भरते, अंडी गावठीपेक्षा जास्त देते, पण खुडूक बसायला नाखूष. पुढच्या वेळी तुम्हाला नवे पक्षी हवे असतील तर गाडीवाल्याची वाट बघायची गरज नाही. चंद्री खुडूक बसली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील, ती स्वतः त्यांना कळपात घेऊन फिरेल, आणि तिच्या पिल्लाला टोचायची दुसरीची हिंमत होणार नाही. ती पिल्लं मोठी होईपर्यंत सगळ्यांच्या ओळखीची झालेली असतात. एवढी जाळी, एवढी झडपं काही लागत नाहीत. चंद्रीचा तो तापटपणा तेव्हा तुमच्याच कामाला येईल.

खाद्यात बदल आजच करा. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या तलंगेला साधारण एक टक्का पुरतं. जास्तीचं तिच्या मूत्रपिंडांवर जातं, आणि ते नुकसान बाहेरून दिसत नाही. एकत्र केल्यावर कोण कुठल्या भांड्यात तोंड घालतं यावर पहारा कोण देणार? म्हणून सोपा मार्ग असा की सगळ्यांनाच वाढीचं, म्हणजे ग्रोअर खाद्य घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी घालणारी आपणहून खाते, तलंग त्याकडे फारशी बघत नाही. चुरा विकत आणायची गरज नाही. घरी तिसऱ्या (शिंपल्या) झाल्या की कवच्या धुऊन, चुलीच्या निखाऱ्यावर भाजून, ज्वारीएवढ्या कुटा. कणी बेतानं घाला, तिनं पोट भरतं पण अंग धरत नाही. पहिलं अंडं दिसलं की मग सगळ्यांना अंड्यावरचं खाद्य सुरू करा.

ते पहिलं अंडं साधारण साडेपाच-सहा महिन्यांचं वय झाल्यावर, म्हणजे पौषाच्या आगेमागे. त्याआधी तुरा लालबुंद होईल, आणि पाठीवर हात ठेवलात की ती पळायच्या ऐवजी दबून बसेल. जुन्यांची अंडी या सगळ्या गडबडीत कमी होतील, त्यात दिवस लहान होत चाललेत आणि पिसं गळायचा हंगामही हाच. काळजी करू नका आणि त्यासाठी कुठलं टॉनिकही आणू नका. नव्या पुढे अंगानं चंद्रीच्या दुप्पट होतील. तरी तिला वाट देताना दिसतील, कारण लहानपणी बसलेली उतरंड वजन वाढलं म्हणून लगेच उलटत नाही.

राहिला तो लाल तुरेवाला. अडीच महिन्यांत बाकी सातींचा तुरा फिकट आणि बारीक असताना एकाचाच लाल, जाड झाला असेल, पाय जाडजूड असतील, उभं राहणं ताठ असेल, तर तो कोंबडाच. आणखी काही आठवड्यांत कंबरेवर लांब, टोकदार, चकचकीत पिसं दिसली की शंका उरणार नाही. तलंगेची पिसं तिथं गोल टोकाची असतात. त्याला बाकीच्यांबरोबर जुन्यांत सोडायचं नाही. तुमचा कोंबडा तलंगांना चार दिवसांत आपल्या म्हणेल, कोंबड्यांची भांडणंही पुष्कळदा तोच मधे पडून मोडतो, पण या पोराला आरवायला कंठ फुटला की सोडणार नाही. उद्या हाच गिरिराज मोठा होऊन जिंकला तर तेही तुमच्या लहान चणीच्या गावठी कोंबड्यांना सोसायचं नाही, त्याच्या वजनानं पाठीची पिसं आणि कातडी जाते. जाळीपलीकडच्या खणात एकटा वाढवा, चार-पाच महिन्यांत भरेल. मग गावच्या राखणदार देवाला द्यायचा की शिमग्याला पाहुणे येतील तेव्हा रश्शाला, ते सासूबाईंना विचारा.